पथ्याची मात्रा : चरकोक्त पादांशिक क्रम आणि आपला दैनंदिन चिकित्साव्यवहार

आयुर्वेदीय चिकित्सेत पथ्याचे स्थान काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि पथ्य सांगणे आणि रुग्णाच्या हातून पथ्य घडणे, या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्याचा विचार आपल्या सभा-संमेलनांतून क्वचितच होतो. औषध लिहिताना आपण मात्रा, अनुपान व सेवनकाल काटेकोरपणे नोंदवितो. पथ्याच्या बाबतीत मात्र 'वर्ज्य' एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतो. पथ्यालाही मात्रा असते, ती मात्रा कशी वाढवावी व अपथ्याची कशी घटवावी याचा क्रम आचार्यांनी सांगून ठेवला आहे, आणि तो क्रम सोडल्यामुळे आपले पुष्कळसे परिश्रम व्यर्थ जातात, हे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाकडे आमचे लक्ष वळले ते स्वतःच्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी फैजपूर परिसरातील पन्नाशीच्या घरातील एक केळी उत्पादक शेतकरी आमच्याकडे आले. स्थौल्य, अम्लपित्त आणि गुडघेदुखी या त्यांच्या तक्रारी होत्या. दिवसभरात आठ कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, जेवणात ठेचा, लोणचे व पापड, सायंकाळी शेव-फरसाण, विजेच्या वेळेप्रमाणे रात्री बागेला पाणी द्यावे लागत असल्याने दहानंतरचे जेवण आणि सकाळी उशिरापर्यंतची झोप, असा त्यांचा दिनक्रम होता. आम्ही मोठ्या तत्परतेने सतरा कलमांचे पथ्यपत्रक लिहून दिले. त्यांनी ते नऊ दिवस अक्षरशः पाळले. दहाव्या दिवशी नात्यातील लग्नाची पंगत झाली. एक कलम मोडले, मग सर्वच मोडली, आणि त्यानंतर चौदा महिने ते दवाखान्याकडे फिरकले नाहीत. पुढे आले तेव्हा प्रमेहाचे निदान झालेले होते. इतके दिवस का आला नाहीत, असे विचारता त्यांनी खाली पाहून सांगितले, "वैद्यराज, तुम्ही सांगितलेलं काहीच पाळलं नाही, मग कोणत्या तोंडाने येऊ?"

प्रमेह आमच्या कागदामुळे झाला, असे नाही. परंतु चौदा महिने ते वैद्यापासून दूर राहिले, ते मात्र त्या कागदामुळेच. हा दोष रुग्णाच्या मनोबलाचा की आमच्या मात्राविचाराचा, या प्रश्नाने आम्हांला पुन्हा संहितेकडे नेले.

चरकोक्त क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, म्हणजे नवेगान्धारणीय अध्यायात हा विषय आला आहे. अंगवळणी पडलेल्या अहितकर गोष्टींपासून बुद्धिमान मनुष्याने क्रमाक्रमाने दूर व्हावे आणि हितकर गोष्टींचे सेवनही क्रमानेच वाढवावे, असे तेथे सांगितले आहे. या क्रमालाच पादांशिक क्रम असे नाव आहे. अहिताचा एक पाद काढावयाचा आणि त्या रिकाम्या जागी हिताचा एक पाद ठेवावयाचा. मग दुसरा, मग तिसरा, अशा रीतीने अखेर अहित पूर्णपणे निघून त्याच्या ठिकाणी हित स्थिर होते. अशा प्रकारे क्रमाने घटविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने वाढविलेले गुण ढळत नाहीत, असे या क्रमाचे फलही आचार्यांनी तेथेच दिले आहे.

या विवेचनातील तीन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, येथे केवळ त्याग सांगितलेला नाही. जेवढे काढले तेवढेच दुसरे भरावयाचे आहे. आपल्या पथ्यपत्रकात वर्ज्य पदार्थांची यादी लांबलचक असते, परंतु त्या रिकाम्या वेळी रुग्णाने काय करावे, हे बहुधा लिहिलेले नसते. दुसरी गोष्ट अंतराची. क्रमात एकांतर, द्व्यंतर व त्र्यंतर असा उल्लेख आहे. या दिवसांची मोजणी कशी करावी, याविषयी टीकाकारांत व पुढील अभ्यासकांत एकवाक्यता नाही. तथापि, पुढच्या प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीपेक्षा अधिक काळ स्थिर राहावयाचे, हा त्यातील आशय आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उत्साहाच्या भरात पहिली पायरी कोणीही चढतो. खरा कस तिसऱ्या पायरीवर लागतो, म्हणून तेथेच मुक्काम जास्त.

तिसरी गोष्ट पायरीच्या उंचीची. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, अन्नरक्षाध्यायामध्ये, पादाने किंवा पादाच्याही पादाने, असे दोन पर्याय दिले आहेत. म्हणजे चतुर्थांश झेपत नसेल तर सोळावा अंश. सर्व रुग्णांना एकच पायरी नाही. बल, सत्त्व आणि सवयीचे वय पाहून ती वैद्याने ठरवावयाची आहे. त्याच ग्रंथाच्या ऋतुचर्याध्यायात ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगितले आहेत, तेही याच कारणासाठी. मावळत्या ऋतूची चर्या हळूहळू सोडावी व येणाऱ्या ऋतूची हळूहळू धरावी, एकाएकी त्याग अथवा स्वीकार केल्यास असात्म्यज रोग होतात, असा इशारा तेथे दिला आहे.

क्रम आपणास नवा नाही

वस्तुतः पंचकर्म करणाऱ्या वैद्यास क्रमाचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये. वमन-विरेचनानंतर आपण रुग्णाला त्याच दिवशी पुरणपोळी खाऊ देत नाही. पेया, विलेपी, यूष, मांसरस असा संसर्जनक्रम, प्रवर शुद्धीत बारा अन्नकाल म्हणजे सात दिवस, मध्यम शुद्धीत पाच दिवस व अवर शुद्धीत तीन दिवस, आपण निष्ठेने पाळवून घेतो. स्नेहपानाचा आरंभ ह्रसीयसी मात्रेने करतो. चरकोक्त वर्धमान पिप्पली रसायनात पहिल्या दिवशी दहा पिंपळ्या, रोज दहा वाढवीत दहाव्या दिवशी शंभर आणि तेथून पुन्हा रोज दहा कमी करीत एकूण एक सहस्र, असा चढ-उतार आहे. शिवाय मध्यमबल व अल्पबल व्यक्तींसाठी दहाऐवजी सहा व तीन पिंपळ्यांची वाढ सांगितली आहे. तेव्हा द्रव्य देताना बल पाहून पायरी ठरविणारे आपण, आचार सांगताना मात्र सर्वांना पहिल्याच दिवशी शंभर पिंपळ्या देतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सात्म्य, धृती आणि काळ

सवय मोडत नाही याचे खापर आपण बहुधा रुग्णाच्या धृतीवर फोडतो. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध, हे खरेच. परंतु दीर्घ सेवनाने अहितकर पदार्थही ओकसात्म्य होतो, शरीर त्यालाच आपला मानू लागते, हेही तितकेच खरे आहे. अशा वेळी एकाच दिवशी सतरा गोष्टी सोडावयास सांगणे, म्हणजे दुर्बल धृतीवर सतरा ओझी एकदम लादणे होय. क्रमाने ओझे लहान होते आणि धृतीलाही व्यायाम घडतो.

आधुनिक मानसशास्त्रातील एक निरीक्षण येथे उपयुक्त ठरेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला एक अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने न्याहारीनंतर, जेवणासोबत अशा ठराविक प्रसंगाला जोडून एकच लहानशी कृती रोज करावयाची होती. ती कृती विनासायास होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसून आले. परंतु व्यक्तिपरत्वे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा व्यत्यय आला नाही, हा या अभ्यासातील आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग होय. आमच्या त्या रुग्णास एवढे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर लग्नाच्या पंगतीनंतर त्यांनी सर्व पथ्य सोडले नसते.

प्रसंगाला जोडून कृती करण्याची ही युक्तीही आपणास अपरिचित नाही. शार्ङ्गधरांनी सांगितलेले पाच किंवा अन्य संहितांतील दशविध औषधसेवनकाल पाहिले, तर त्यांतील बहुतेक भोजनाशी बांधलेले आहेत. दोषांचा विचार हा त्यांचा मुख्य हेतू आहेच. पण जेवणासारख्या कधीही न चुकणाऱ्या गोष्टीला औषध जोडल्याने ते विसरले जात नाही, हा स्मृतीचा लाभही त्यात आपोआप मिळतो. पथ्यालाही असाच काल नेमून द्यावयास हवा.

चातुर्मासाचा नेम

आपल्या समाजात सवय बदलण्याची एक जुनी व्यवस्था आहे, ती म्हणजे चातुर्मासाचा नेम. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत घरातील वडीलधारी मंडळी एखादी वस्तू सोडतात किंवा एखादे कृत्य धरतात. नेम एकच असतो, तो स्पष्ट असतो, त्याचा आरंभदिन ठरलेला असतो आणि घरादाराला तो माहीत असतो. कांदेनवमीला कांदा-वांगे मनसोक्त खाऊन पुढे चार महिने त्यांना हात न लावणारी माणसे आपल्या खान्देशात आजही आहेत. सतरा कलमांचे पत्रक नऊ दिवसांत फेकणारा मनुष्य एक नेम चार महिने पाळतो, तेव्हा धृतीचा अभाव होता असे म्हणणे कठीण होते.

या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचे भरीत आले, की बामणोदच्या भरिताच्या वांग्यांना पुन्हा पूर्वीचेच स्थान मिळते. त्यात गैर काही नाही. वांगे कायमचे सोडण्याचा हेतूच नव्हता. परंतु मुदत घालून सोडलेली गोष्ट मुदत संपताच परत येते, कारण तिच्या जागी दुसरे काही बसलेले नसते. पादांशिक क्रमात जागा भरलेली असते. म्हणून रुग्णाला सांगताना नेमाची स्पष्टता घ्यावी आणि क्रमाची भरपाई घ्यावी, म्हणजे दोहोंचा लाभ मिळतो.

आठ कपांचे गणित

आता पहिल्या भेटीत आम्ही त्या शेतकऱ्यास काय लिहून द्यावयास हवे होते, ते पाहू. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला सोळा चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ८० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली व तत्सम साखर प्रौढाच्या आहारात सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवल्यास अधिक हितकर. येथे पाद आणि पादपाद यांचा हिशेब सहज बसतो. सोळा चमच्यांचा पाद म्हणजे चार चमचे, अर्थात दोन कप. आणि पादाचा पाद म्हणजे केवळ एक चमचा.

आमच्याकडील लोकांचा काळ आठवडे बाजाराने मोजला जातो, म्हणून पायरीचे माप आम्ही 'बाजार ते बाजार' असे ठेवतो. संहितेत दिवसांचे अंतर आहे. आठवड्यांचे अंतर ही आमची व्यवहारातील योजना आहे, हे येथे स्पष्ट करतो. पहिली पायरी, दोन कप कमी करून त्या वेळी ताक किंवा धने-जिऱ्याचे पाणी. मुक्काम एक बाजार. दुसरी पायरी, आणखी दोन कप कमी. मुक्काम दोन बाजार. येथे साखर ४० ग्रॅमवर येते. तिसरी पायरी, आणखी दोन कप कमी. मुक्काम तीन बाजार. येथे ती २० ग्रॅम उरते. अखेरच्या दोन कपांतील चार चमचे एकेक चमचा करून, म्हणजे पादपादाने, घटवावेत. ज्यास दोन कप एकदम सोडणे जड जाते, त्याने प्रारंभापासूनच पादपादाचा मार्ग धरावा.

कोणते दोन कप आधी सोडावेत, हा प्रश्न रुग्णाला विचारावा. पहाटेचा पहिला कप कोणालाही सोडवत नाही. त्यास शेवटपर्यंत हात लावू नये. बाजारात, दुकानात, कोणाच्या ओट्यावर केवळ आग्रहाखातर घेतलेला चहा आधी जातो. निवड रुग्णाची असली म्हणजे पालनही त्याचेच होते.

मिठाचे उदाहरण

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. दुधासोबतही मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर या प्रदेशांतील लोकांचा उल्लेख करून, अशा सात्म्य झालेल्या गोष्टीपासूनही क्रमाने परावृत्त होणेच श्रेयस्कर, असा निर्णय आचार्यांनी तेथे दिला आहे. पापड, लोणचे, ठेचा आणि शेवभाजी यांच्या आपल्या प्रदेशाला हा उपदेश आजही तंतोतंत लागू पडतो.

या सिद्धांताचा राष्ट्रव्यापी प्रयोग ब्रिटनमध्ये घडला. तेथे २००३ नंतरच्या काळात शासकीय यंत्रणेने खाद्यउत्पादकांना पाव व इतर तयार पदार्थांतील मीठ टप्प्याटप्प्याने कमी करावयास लावले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पावातील मीठ सुमारे २० टक्क्यांनी घटले. लोकसंख्येचे दरडोई मीठसेवन २०००-०१ मधील ९.५ ग्रॅमवरून २०११ मध्ये ८.१ ग्रॅमवर आले. पाव अळणी झाला अशी ओरड झाली नाही, कारण पायरी इतकी लहान होती की जिभेला ती कळलीच नाही. कमी मिठाचा आहार काही महिने घेतल्यावर जिभेला रुचणारी मिठाची पातळीच खाली येते, असे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातही आढळले आहे. सात्म्य बदलते ते असे.

घरगुती व्यवहारात हे कसे करावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चार माणसांच्या कुटुंबात एक किलो मीठ तीस दिवसांत संपत असेल, तर दरडोई आठ ग्रॅमहून अधिक होते. पापड-लोणच्यातील व बाहेरच्या पदार्थांतील मीठ वेगळेच. गृहिणीला ग्रॅमचा हिशेब सांगू नये. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, एवढेच सांगावे. तीस दिवसांची पिशवी बत्तीस दिवस पुरली की सोळावा अंश घटला. चाळीस दिवस पुरली की पूर्ण पाद घटला. घटलेल्या खारटपणाच्या जागी लिंबू, कोकम, जिरे, कोथिंबीर यांची योजना करावी. मात्र वैशाखाच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या मजुराचा विचार स्वतंत्रपणे करावा. आणि वृक्कविकाराच्या रुग्णास बाजारातील पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ परस्पर सुचवू नये.

औषधालय चालकांसाठी

पादांशिक क्रम हा केवळ वैद्याच्या गादीवरचा विषय नाही. रुग्ण वैद्याला महिन्यातून एकदा भेटतो, परंतु औषधालयाच्या काउंटरवर तो चार वेळा येतो. तेथे दोन सवयी विशेषेकरून नजरेस पडतात.

पहिली सवय रेचक चूर्णाची. सोनामुखीयुक्त चूर्ण वर्षानुवर्षे रोज रात्री घेणारे, आणि मात्रा वाढवीत नेणारे ग्राहक प्रत्येक औषधालयात आहेत. पादांशिक क्रम सांगणारा अध्यायच मुळी वेगधारणाचा आहे, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. एकाएकी चूर्ण बंद केले तर तीन दिवसांत मलावष्टंभाने त्रस्त होऊन तो मनुष्य दुप्पट मात्रा घेतो. त्याऐवजी चमचाभर चूर्णातील पाव चमचा कमी करावा आणि त्या जागी सकाळी उठताच कोमट पाणी, नंतर ठरलेल्या वेळी दहा मिनिटे शौचास बसणे व वेग आल्यास तो न रोखणे, एवढे जोडावे. पुढच्या पायरीस जेवणात पालेभाजी वा भिजवलेल्या मनुका वाढवाव्यात. वैद्याच्या मार्गदर्शनाखाली असे तीन-चार पायऱ्यांत पुष्कळांचे चूर्ण सुटते. परंतु मलासोबत रक्त पडत असेल, वजन घटत असेल, किंवा उतारवयात मलप्रवृत्तीची सवय अकस्मात बदलली असेल, तर त्या ग्राहकास चूर्णाची दुसरी डबी न देता प्रथम तपासणीसाठी पाठवावे.

दुसरी सवय पाचक चूर्णांची. लवणभास्कर चूर्णात एकाहून अधिक लवणे आहेत, हिंग्वाष्टकातही सैंधव आहे, हे आपण जाणतो. ग्राहक जाणत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा मनुष्य जेवणानंतर मुखशुद्धीसारखे लवणभास्कर रोज खात असेल, तर एका हाताने घटविलेले मीठ दुसऱ्या हाताने परत येते. मोठी डबी देण्याऐवजी लहान पुडी द्यावी, पुडीवर भोजनकाल व मुदत लिहावी, आणि पुढच्या वेळी आल्यावर किती उरले, हे आपुलकीने विचारावे. विक्रीत थोडी घट होईल. परंतु ज्या दुकानी आपल्या हिताचे बोलतात, त्या दुकानी मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या येतो.

क्रम कोठे लागू करू नये

कोणत्याही सिद्धांताचे क्षेत्र व मर्यादा दोन्ही जाणून घ्याव्यात. पुढील ठिकाणी सावधगिरी आवश्यक आहे.

१. तंबाखू. सिगारेट सोडणाऱ्या ६९७ व्यक्तींवर इंग्लंडमध्ये झालेला एक तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवडे कमी करीत मग सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के व्यक्ती चार आठवड्यांनंतर व्यसनमुक्त होत्या. दोन्ही गटांना निकोटिनच्या पट्ट्या व समुपदेशन यांची मदत दिलेली होती. हा अभ्यास धूम्रपानाचा असला, तरी चुना-तंबाखू व मिसरीच्या बाबतीतही 'थोडी थोडी कमी करतो' या शब्दांवर आम्ही आता विसंबत नाही. येथे क्रम असावा तो तयारीचा. डबी खिशातून काढून घरात ठेवणे, जेवणानंतर तोंडात बडीशेप वा लवंग घेण्याचा सराव करणे, घरच्यांना दिवस सांगून ठेवणे या लहान पायऱ्या आधी घडवाव्यात. नंतर ठरल्या दिवशी तंबाखू पूर्ण बंद. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा १८००-११२-३५६ हा निःशुल्क क्रमांकही रुग्णास लिहून द्यावा.

२. मद्य. दीर्घकाळ रोज अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी मद्य बंद केल्यास कंप, आक्षेप, भ्रम अशी प्राणघातक लक्षणे उद्भवू शकतात. अशा रुग्णास घरी क्रम लिहून देऊ नये; रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच मद्यमुक्ती व्हावी. मद्य सुटलेल्याने पुन्हा एकाएकी अतिमद्यपान केल्यास ध्वंसक व विक्षेपक हे विकार होतात, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे, त्याचेही स्मरण ठेवावे.

३. चालू असलेली आधुनिक औषधे. इन्सुलिन, स्टेरॉइड, रक्तदाब वा आकडीच्या गोळ्या या सवयी नव्हेत. पादांशिक क्रमाच्या नावाखाली त्या मूळ चिकित्सकाच्या सल्ल्याशिवाय कमी करणे हा अपराध होय. तसेच मधुमेहाची औषधे चालू असताना आहारातील साखर झपाट्याने घटविल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून तपासणी व मूळ चिकित्सकाशी संपर्क आवश्यक.

४. आत्ययिक अवस्था. व्याधी बलवान असेल तेथे सहा आठवड्यांची वाट पाहता येत नाही. अशा वेळी पायऱ्या त्याच ठेवून मुक्काम आठवड्यांऐवजी दिवसांचा करावा लागतो, आणि काही अपथ्य तर त्याच क्षणी थांबवावे लागते.

पथ्यपत्रकाचे नवे रूप

वरील विवेचनाच्या आधारे आम्ही आमचे सतरा कलमी पत्रक बंद केले. आता रुग्णपत्रिकेवर औषधांच्या खालीच पथ्य लिहितो आणि त्यापुढे औषधाप्रमाणेच पाच गोष्टी नोंदवितो. काय काढावयाचे, त्याचा अंश किती; त्या जागी काय ठेवावयाचे; दिवसातील कोणत्या प्रसंगाला ते जोडावयाचे; या पायरीवर मुक्काम किती बाजारांचा; आणि चुकल्यास काय करावयाचे. पाचव्या रकान्यात सर्वांसाठी एकच वाक्य असते. एक दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर यावे, आणि सलग तीन दिवस चुकल्यास एक पायरी खाली उतरून आमच्याकडे यावे. एका वेळी एक, फार तर दोन गोष्टी. उरलेल्या पंधरा गोष्टी आमच्या वहीत राहतात. त्या रुग्णाच्या डोक्यावर ठेवण्याचे कारण नाही.

पुनर्भेटीच्या वेळी प्रश्नही बदलला आहे. पूर्वी आम्ही 'पथ्य पाळले का?' असे विचारीत असू. त्यास 'हो' हे खोटे उत्तर किंवा मौन, एवढेच पर्याय रुग्णापुढे असत. आता 'कोणत्या पायरीवर आहात?' असे विचारतो. या प्रश्नास लाज नाही. दुसऱ्या पायरीवर अडलेला मनुष्य तसे मोकळेपणाने सांगतो, आणि पायरी उंच झाली असल्यास ती पादपादावर आणता येते.

ते शेतकरी पुढे आमच्याकडेच राहिले. प्रमेहाचे निदान झालेले असल्याने त्यांच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवल्या, चहातील साखर अधिक वेगाने, तपासण्यांवर लक्ष ठेवून घटविली, आणि बाकी गोष्टी एकेक करून हाती घेतल्या. रात्रीचे जेवण दहावरून आठवर आणण्यास त्यांना पाच महिने लागले, कारण विजेची वेळ त्यांच्या हाती नव्हती. अखेर बागेला पाणी देण्यास जाण्यापूर्वीच भाकरी खाण्याचा तोडगा त्यांनी स्वतःच काढला. शेव-फरसाण पूर्ण सुटलेले नाही. आठवड्यातून एका दिवसावर आले आहे. वजन हळूहळू उतरले. प्रमेह गेला असा दावा आम्ही करणार नाही. मध्यंतरी त्यांच्या घरी पुन्हा एक लग्न झाले. चार दिवसांनी ते दवाखान्यात आले आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच म्हणाले, "एक पायरी खाली आलोय, वैद्यराज." आम्हांला तेवढे पुरेसे होते, कारण या वेळी ते चौदा महिन्यांनी नव्हे, चार दिवसांनी आले होते.

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालय चालकांनी आपापल्या व्यवहारात एका रुग्णापासून, एका पायरीने हा क्रम आरंभावा, अशी विनंती आहे. क्रमाचा उपदेश करणाऱ्यांनी स्वतःही तो एकदम सर्वत्र लागू करू नये, हे ओघानेच आले. इत्यलम्.